भरताचं हरीण

आमच्या हरणी गाईनं बसकण मारली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तात्या गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. मी तिच्या मानेखाली भुसकटाचं पोतं सरकवत होते. थोडा वेळ बघून ते म्हणाले, "सूनबाई, भरताचं हरीण करून घेऊ नको तिचं." एवढंच बोलले आणि काठी टेकत पाराकडे गेले.

तात्या माझे सासरे. गळ्यात तुळशीची माळ, गुडघे साथ देत होते तोवर आषाढीची वारी एकदाही चुकवली नाही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. म्हणूनच ते मला लागलं.

भरताची गोष्ट भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. आमच्या मारुतीच्या देवळात चातुर्मासात पोथी लागते, तिथे मी ती कैकदा ऐकली आहे. भरत राजा राज्य मुलांवर सोपवून गंडकीच्या काठी तपाला बसला. एके दिवशी सिंहाची डरकाळी ऐकून गाभण हरिणीनं नदीत उडी घेतली. पाडस पाण्यात पडलं, हरिणी पलीकडे जाऊन मेली. भरतानं पाडस उचललं, आश्रमात आणून वाढवलं. मग हळूहळू त्याचं स्नान सुटलं, जप सुटला. पाडस दिसलं नाही की त्याचा जीव कासावीस व्हायचा. मरतानाही डोळ्यांपुढे तेच होतं, म्हणून पुढचा जन्म हरणाचा मिळाला. पोथी सांगणारे महाराज दरवर्षी इथे थांबतात आणि सांगतात, मोह राजालाही पशू करतो.

म्हणजे तात्यांचा प्रश्न सरळ होता. दावणीच्या एका म्हाताऱ्या गाईसाठी माणसानं किती जीव टाकावा? ही दया म्हणायची की मोह?

आमचं गाव आटपाडी तालुक्यात. माणदेशाचा हा मुलूख. पाऊस बेताचा, माळ खडकाळ, आणि त्या माळावर तगणारी खिलार जनावरं. खिलार या शब्दाचाच अर्थ कळप. हरणी काजळी खिलार होती. नाकपुडी काळी, खूर काळे, डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या. २००४ सालच्या बेंदराच्या आठवड्यात ती जन्मली आणि त्याच वर्षी मी लग्न होऊन इथे आले. आम्ही दोघी एकाच साली या घरच्या झालो.

तिची अकरा वेतं झाली. सात खोंड, चार कालवडी. गाईच्या शिंगाच्या बुडाशी वेतागणिक एक वळी उमटते. हरणीच्या शिंगावरून बोट फिरवत मी सांगायचे, ही थोरल्या खोंडाची, ही दुष्काळातली, ही लंपीच्या आधीची. आज दावणीला चौदा जनावरं आहेत, त्यांतली नऊ तिच्या रक्ताची.

खिलार ही दुधाची गाय नव्हे. वासराला पाजून दोन लिटर हाती आलं तरी पुष्कळ. तिला सांभाळायचं ते खोंडासाठी, काटक आणि पायाचा हलका खोंड. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या आणि खोंडाला गिऱ्हाईक उरलं नाही. नांगर तर ट्रॅक्टरनं आधीच हिरावला होता. आसपास कित्येकांनी खिलार विकून संकरित गाई बांधल्या. आम्ही कशाबशा चार गाई राखल्या, त्यांत हरणी. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. नंतर खरसुंडीच्या पौषी यात्रेत तिच्या नातवाला जो भाव आला, त्यातून विहिरीचं कर्ज फिटलं.

पण हिशेब सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला २०१३ ची छावणी सांगायची आहे. त्या उन्हाळ्यात विहिरीला टिपूस नव्हता. तीन महिने मी, माझा लहानगा मुलगा आणि आठ जनावरं चारा छावणीत राहिलो. शेडनेटची सावली, उसाचे तुकडे, टँकरची वाट. हरणीला तेव्हा दोन महिन्यांची कालवड होती. शेजारच्या दावणीची एक गाय छावणीत मेली आणि तिचं वासरू दिवसभर हंबरत राहिलं. तिसऱ्या दिवशी ते दावं तोडून आलं आणि सरळ हरणीच्या कासेला लागलं. दुसऱ्याचं वासरू गाय सहसा लाथेनं उडवते. हरणीनं मान वळवून त्याला हुंगलं. एकदा, दोनदा. मग आपल्या कालवडीला चाटावं तसं त्याला शेपटीपासून चाटायला लागली. तिच्या स्वतःच्या अंगात तेव्हा हाडंच होती. तरी महिनाभर दोन्ही वासरं तिला पीत राहिली.

यंदाच्या मार्गशीर्षात ती बसली, ती उठलीच नाही. बसलेल्या जनावराची कूस दर तीन-चार तासांनी बदलावी लागते. नाहीतर अंगाला जखमा होतात, खालचा पाय निकामी होतो. मालक, मुलगा, शेजारचे दोघं आणि मी पोत्याची झोळी पोटाखाली घालून तिला वळवत होतो. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या बाटल्या लावल्या. आठव्या दिवशी ते हात धुऊन म्हणाले, "ताई, वय झालंय. आता सुई टोचून तिला त्रास नको." गुळाचं पाणी बोटाला लावलं की ती चाटायची. जीभ अजून तशीच खरबरीत होती. नवव्या पहाटे मी तिच्या कानाच्या बुडाला हात लावला. जनावराचा ताप आम्ही तिथेच बघतो. कान गार होता. ती गव्हाणीकडे तोंड करून गेली.

बांधावर जेसीबीनं खड्डा घेतला. हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, दोन पोती मीठ टाकलं आणि माती लोटली. ते करताना माझ्या मनात एक गोष्ट सारखी येत होती. शंभर वर्षांपूर्वी हरणी मेली असती, तर आमच्या घरातल्या एकानंही तिला हात लावला नसता. जिवंत होती तोवर जिच्या पोटात तेहतीस कोटी देव, ती मेली की विटाळ. तिला ओढून न्यायचं काम गावानं महारवाड्यावर लादलेलं होतं, आणि ते करतात म्हणून पुन्हा त्यांनाच अस्पृश्य ठरवलेलं होतं. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं आपल्या लोकांना बजावलं. पुढे गावोगाव मेलेलं ढोर ओढणंही लोकांनी नाकारलं. त्यांनी नाकारलं म्हणून आमच्या हाताला ही माती लागली. गाईला आई म्हणणाऱ्या गावाची माया तिला उचलणाऱ्या माणसापर्यंत कधी पोचली नव्हती, हे त्या खड्ड्याच्या काठावर मला जेवढं कळलं, तेवढं कुठल्या पोथीनं कळलं नव्हतं.

आणि तिथूनच तात्यांच्या प्रश्नाकडे बघण्याची माझी वाट बदलली.

मला आठवली ती चांदी. २०१६ सालची गोष्ट. चांदीही खिलारच, पण तीन वेळा भरवूनही उलटली. वैरण महाग होती. एका व्यापाऱ्यानं सांगितलं, शेतकऱ्याच्याच दावणीला जाईल. मी पैसे मोजून घेतले आणि पुढे काही विचारलं नाही. न विचारण्यातच माझी सोय होती. आपल्या राज्यात गोवधबंदीचा कायदा १९७६ चा. वळू आणि बैल त्यात २०१५ साली आले. मारू नका, एवढं कायदा सांगतो. भाकड गाईच्या गव्हाणीत रोजची वैरण कोण टाकणार, ते ज्याचं त्याला ठरवावं लागतं. चांदी गेली त्या दिवशी मी रडले नाही. तिच्यावर माझा जीव नव्हता, बस्स. हरणीसाठी नऊ रात्री जागणारी मी आणि चांदीचं दावं सोडून हातात देणारी मी, दोन्ही मीच.

मग मी भरताची गोष्ट पुन्हा आठवून बघितली. आमच्याकडे ती हरणापाशी थांबते, पण पोथीत ती पुढे आहे. हरणाच्या जन्मात त्याला मागचं सगळं आठवत होतं. तो देह ठेवून भरत पुन्हा माणूस झाला, जडभरत झाला. कुणाशी बोलेना, लोकांनी खुळा ठरवला. एकदा रहूगण राजाच्या पालखीला भोई कमी पडला, तेव्हा याला धरून जुंपलं. पालखी हिंदकळू लागली. राजा संतापला. भरत पुढची जमीन न्याहाळत, पायाखाली जीव चिरडू नये म्हणून जपून पाऊल टाकत होता. बाकीच्या भोयांशी त्याची चाल जुळत नव्हती ती त्यामुळे. पुढे त्यानं राजाला जो बोध केला, त्यावर कीर्तनं होतात. मला मात्र तो बोध सुरू होण्याआधीचा भरत दिसतो. खांद्यावर दांडी, नजर मातीकडे.

या माणसाला मुंगी दिसते कशी? मला वाटतं, त्यानं एकदा एका पाडसाला पाण्यातून उचललं होतं म्हणून. त्याची थरथर छातीशी धरून बघितली होती म्हणून. राजा असताना त्याला प्रजा माहीत होती, तपाला बसल्यावर ब्रह्म माहीत होतं. पण जीव म्हणजे काय, ते त्या ओल्या पाडसानं शिकवलं. त्याची चूक हरणावर माया केली ही नव्हती. माया त्या एकाच हरणापाशी अडून राहिली, ही चूक होती. तीच पुढे सरकून मुंगीपर्यंत गेली, तेव्हा तिचं नाव बदललं. एका दाव्याला बांधलेली माया म्हणजे मोह. दावं सुटून शेजारच्या गव्हाणीपर्यंत चालत गेली, तर ती दया. सुरुवात दोहोंची एकाच जागी होते, म्हणून माणूस फसतो. पण ती सुरुवातच टाळली, तर मागे काहीच उरत नाही. सगळ्या गाईंवर एकदम प्रेम करणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. नाव असलेल्या एका गाईपासूनच जावं लागतं.

हे मी रात्री तात्यांना सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत ते माळ ओढत होते. मग म्हणाले, "बोलायला बरं आहे, पोरी. पण माया पुढे गेली की तिथंच अडली, ते रडण्यावरनं कळत नाही. नंतर काय करतेस, त्यावरनं कळतं."

नंतरचं काम दारातच उभं होतं. आमच्या दावणीला कोसी नावाची दुसरी म्हातारी गाय आहे. पंधरा वर्षांची, तीन वर्षं भाकड. तापट, धार काढताना कायम लाथ मारणारी. माझ्या मांडीवर तिच्या खुराची खूण आहे. हरणी बसायच्या आधीच तिचा व्यवहार ठरला होता, विसार घेतलेला होता. सांगोल्याचा रविवारचा बाजार करून व्यापारी परत येताना तिला नेणार होता. तो आला, चहा प्याला. मी विसाराचे पैसे त्याच्यापुढे ठेवले. मालकांनी माझ्याकडे बघितलं, पण काही बोलले नाहीत. व्यापारी म्हणाला, "वहिनी, ही काय वेत देणार नाही आता." मी म्हटलं, "माहीत आहे."

सगळी भाकड जनावरं सांभाळायची आमची ऐपत नाही. सहा एकर जिरायत, त्यात कडबा होऊन होऊन होणार किती. पुढच्या दुष्काळात काय करेन, याचं वचन मी कुणाला देत नाही. एवढंच ठरवलं आहे, जी गाय या दावणीला पाच वेतं व्याली, ती इथंच जाईल. आणि विकायचंच झालं एखादं जनावर, तर ते कुठल्या दावणीला बांधलं जाणार, ती दावण आधी स्वतः जाऊन बघेन. चांदीसाठी आता दुसरं काही करता येत नाही.

हरणीच्या खुंट्याला काल कोसी बांधली. तिथं ती अजून रुळली नाही. जागा हुंगते, फुरफुरते, माझा हात जवळ गेला की मान झटकते. तिच्यावर माझी माया आहे असं मी म्हणणार नाही. हरणीसाठी पोटात तुटतं तसं तिला बघून काही होत नाही. आज पहाटे कडाक्याची थंडी होती. वैरण टाकून झाल्यावर मी तिच्या बाजूला उभी राहिले, लाथेच्या टप्प्यातून जरा सरकून, आणि तिच्या कानाच्या बुडाला हात लावून बघितला. कान ऊन होता.