मेंढरांच्या वाटेवरचा खान्देश

दिवाळी उरकली की धुळे जिल्ह्यातल्या साक्री आणि आसपासच्या तालुक्यांतल्या ठेलारी मेंढपाळांच्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. घोड्याच्या पाठीवर आधी बाजलं चढतं, मग भांडीकुंडी, वाघरीची, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीची, गुंडाळी, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यात शेवटी नुकती जन्मलेली, चालता न येणारी कोकरं. बायका घोडी हाकत पुढे मुक्कामाला जातात, पुरुष मेंढरं चारत मागून येतात. पाऊस येईपर्यंत हा वाडा, म्हणजे कुटुंबं आणि त्यांचे कळप, तापी-गिरणेच्या काळ्या रानातून फिरतो. काही वाडे सीमा ओलांडून गुजरातेत उतरतात.

हे चालणं म्हणजे मागासलेपण, असं मानण्याची सवय शिकलेल्या महाराष्ट्राला लागली आहे. मेंढीपालन आधुनिक करायचं तर आधी कळप गोठ्यात बांधा, हा सल्ला सरकारी पत्रकांपासून यूट्यूबवरच्या यशोगाथांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. खान्देशात तरी हा सल्ला चुकीच्या टोकाने सुरू होतो. इथे चारा एका जागी नसतो. तो महिन्यामहिन्याला जागा बदलतो, आणि मेंढरू त्याच्यामागे जातं.

कपाशीचंच बघा. शेवटची वेचणी झाली की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात, त्यांना हिरवी पानं आणि किडकी, अर्धवट उमललेली बोंडं लटकलेली असतात. गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते ती याच बोंडांत. म्हणून वेचणी संपल्यावर शेतात शेळ्या-मेंढ्या चारा, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. जे काम फवारणीने साधत नाही, ते एक वाडा दोन दिवसांत करून जातो. वर रात्री त्याच शेतात वाघर लावून मेंढरं बसवली की लेंडी आणि मूत थेट जमिनीत मुरतं. त्याबद्दल शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो किंवा रोख पैसे. ट्रॅक्टर नाही, ट्रॉली नाही, उकिरडा उपसायची मजुरी नाही. रासायनिक खतांनी थकलेल्या जमिनीला सेंद्रिय कर्ब हवा म्हणून परिषदा भरतात, आणि तो कर्ब पायांनी चालत शेतात येतो तेव्हा त्याची नोंद कोणत्याच खात्यात होत नाही.

मेंढीचा विचार गुरं आणि हरणं सोडून करता येत नाही. न्यूझीलंडमध्ये तर मेंढी, मांसाची गुरं आणि हरीण ही तिन्ही जनावरं एकाच शेतकऱ्याच्या कुंपणात सापडू शकतात. लाल हरीण तिथे युरोपीय वसाहतकऱ्यांनी शिकारीसाठी आणलं, ते माजलं, उपद्रवी ठरलं, आणि 1970 च्या आसपास त्याला पाळायची कायदेशीर परवानगी मिळाली. खान्देशात या तिघांच्या वाटा पार वेगळ्या आहेत. काळवीट, चिंकारा, रोही ही रानची जनावरं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. त्यांना पाळण्याचा प्रश्नच नाही आणि तो नसावाही. पण रोह्यांचा कळप हरभऱ्यात किंवा मक्यात घुसला की शेतकऱ्याला रात्र जागून काढावी लागते. पंचनामा वेळेत आणि भरपाई हंगामात मिळाली, तरच संरक्षणाचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडणार नाही.

गुरांची गोष्ट जास्त अवघड आहे. 4 मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये ही बंदी कायम ठेवली. राज्याबाहेरून आलेलं गोमांस जवळ बाळगण्यावरची बंदी मात्र रद्द केली. म्हशीला हा कायदा त्याच तऱ्हेने लागू नाही. या कायद्यामागच्या श्रद्धेचा आदर करूनही एक हिशेब मांडावा लागतो. म्हातारा बैल विकून आलेल्या पैशांत भर घालून नवा बैल आणायचा, हा कोरडवाहू शेतकऱ्याचा जुना व्यवहार होता. तो थांबला, आणि वैरणीचा खर्च मात्र शेतकऱ्याच्याच पदरात राहिला. ज्या समाजाने हा कायदा केला, त्याने त्या वैरणीचा वाटाही उचलायला हवा होता.

म्हणून अडीनडीला, दवाखान्याला, लग्नाला चटकन पैसा उभा करणारं जनावर म्हणून शेळी-मेंढीचं मोल वाढलं. 2019 च्या पशुगणनेत देशात 7 कोटी 40 लाखांहून अधिक मेंढ्या मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात सुमारे 27 लाख. मटणाची मागणी शहरांत वाढतेच आहे. लोकरीचं मात्र उलट झालं. दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर एकेकाळी घोंगडीसाठी जायची. आता कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून वाडा पुढे जातो. जाड लोकरीच्या मेंढ्या पाळणारे न्यूझीलंडचे शेतकरीही हेच गाऱ्हाणं मांडतात. 1982 मध्ये त्या देशात 7 कोटी मेंढ्या होत्या, आज अडीच कोटीही नाहीत. अनेक कुरणांवर आता कार्बन क्रेडिटच्या पैशासाठी पाइनची झाडं उभी आहेत.

जातीच्या निवडीत खरी संधी आहे, आणि घाईचा धोकाही. सांगलीच्या जत भागातली माडग्याळ मेंढी उंच, अंगाने भरलेली, म्हणून तिच्या नराला राज्यभर मागणी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. सुंदरबनातल्या चिमुकल्या गारोल मेंढीत जुळी कोकरं देणारा जनुक आहे. तो दख्खनी मेंढीत आणून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ तयार केली. हाच जनुक ऑस्ट्रेलियाच्या बुरूला मेरिनोत आहे, आणि त्याचं मूळ अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांत असल्याचं मानलं जातं. जुळं म्हणजे दुप्पट उत्पन्न, हे घरी खुराक मिळणाऱ्या मेंढीच्या बाबतीत खरं. रोज कोस-दोन कोस चालून वाळल्या पाल्यावर जगणाऱ्या मेंढीला दोन कोकरांपुरतं दूध येईलच असं नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ बिलाखेडला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं पैदास प्रक्षेत्र आहे. चालणाऱ्या कळपाला कोणता नर मानवतो, याचं उत्तर अशा प्रक्षेत्राने वाड्यांबरोबर फिरून शोधायला हवं.

सगळ्यात मोठी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर शेतं पिकाखाली, डोंगर वनखात्याच्या ताब्यात आणि गायरानं आकसलेली. नेमक्या याच चार महिन्यांसाठी मेंढपाळांसाठीच्या सरकारी महामेष योजनेत महिना 6,000 रुपये चराई अनुदान ठेवलं गेलं, म्हणजे सरकारलाही दुखणं कळलेलं आहे. पण पैशाने चारा विकत घेता येतो, चरायची जागा नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. तो कागदावरून डोंगरावर आणायचा तर ग्रामसभा, वनखातं आणि वाड्यांचे कारभारी यांना एकत्र बसून कोणतं रान कधी बंद आणि कधी खुलं, हे ठरवावं लागेल. रोपवनातली कोवळी झाडं जपायलाच हवीत. पण झाडं मेंढरांच्या तोंडाच्या वर गेल्यावरही रान बंदच का, याचं उत्तर मेंढपाळाला मिळालं पाहिजे.

साक्री तालुक्यात आणखी एक दार उघडू शकतं. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांखाली मेंढरू चरू शकतं, पण शिवाजीनगरच्या 125 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासारख्या जागा कुंपणाच्या आत असतात. पॅनेलखाली गवत वाढतं आणि ते कापत राहावं लागतं. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात सौर कंपन्या हे काम मेंढ्यांकडून करून घेतात. शेळी पॅनेलवर उडी मारते, तारा चावते. मेंढी मान खाली घालून चरते. साक्रीत असा करार झाला तर ऐन पावसाळ्यात, गवत सगळ्यात जास्त आणि रान सगळ्यात कमी असताना, वाड्यांना हक्काची जागा मिळेल.

दवाखानाही वाटेवर यायला हवा. 2022 च्या साथीत गुरांचा लम्पी रोग राज्यात पहिल्यांदा दिसला तो ऑगस्टमध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात, आणि गुरांना वाचवायला वापरली गेली ती शेळ्यांच्या देवीवरची लस. जनावरांचे बाजार बंद झाले, गावोगाव लसीकरण झालं. ती तत्परता फिरत्या वाड्याच्या वाट्याला क्वचित येते. पीपीआर, देवी, आंत्रविषार यांच्या लसी उपलब्ध आहेत, पण दवाखान्याची नोंदवही गावावर चालते आणि वाडा दर दोन दिवसांनी गाव बदलतो. मेंढपाळाच्या मोबाइलवर कळपाची नोंद असेल, तर लस साक्रीत चुकली तरी पारोळ्यात देता येईल. डिसेंबर 2021 मध्ये एका रात्रीच्या अवकाळी पावसाने आणि गारठ्याने पुणे आणि नगर जिल्ह्यांत हजारो मेंढ्या दगावल्या. अशा वेळी वाड्याला आडोसा आणि पंचनामा दोन्ही तिथल्या तिथे लागतात, मूळ गावच्या तहसीलमध्ये नव्हे.

आणि मग बाजार. आठवडे बाजारात व्यापारी मेंढराच्या कंबरेवर हात दाबतो, पाठीचा कणा चाचपतो आणि नगावर भाव सांगतो. तो रोज शेकडो मेंढरं दाबतो, विकणारा वर्षातून काही वेळाच येतो. कोण किती किलोंनी चुकतो, हे उघड आहे. कापूस तोलून घेतला जातो, केळी तोलून घेतली जाते. चाळीसगाव, पाचोरा, धुळे इथल्या बाजार समित्यांनी मेंढरांसाठी काटा बसवून वजनाची पावती सक्तीची केली, तर त्याचा खर्च फारसा नाही, आणि फरक पहिल्याच बाजारापासून मेंढपाळाच्या हातात पडेल.