छत्तीस अंशांची उणीव

जाड कागदाचे तीन सारखे सुसम पंचकोन मेजावर एका बिंदूभोवती, कडेला कड लावून मांडावेत. प्रत्येकाचा कोन १०८ अंशांचा, तिघांचे मिळून ३२४. वर्तुळ पुरे व्हावयास ३६ अंश उणे पडतात आणि तेवढ्या फटीतून मेज दिसत राहते. ती फट मिटवू गेले की कागद मेजावरून उठतो, त्याला खोली येते. असे बारा पंचकोन जोडले म्हणजे द्वादशफलक सिद्ध होतो. तीन षट्कोन मात्र ३६० अंश पुरेपूर भरतात. उणे काहीच नसते. म्हणून ते सपाटच राहतात.

बेनेडिक्टाईन धर्मगुरू फादर मॅग्नस वेनिंगर (१९१९–२०१७) यांनी बहामा बेटांतील नॅसो येथे गणित शिकविताना कागदाचे असे बहुफलक घडविले. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ११९ आकारांची कृती आहे. असे सुसम घन पाचच, हे युक्लिडने केव्हाच सिद्ध केले. मग कात्री आणि डिंक कशाला, असे आम्हांलाही पूर्वी वाटे.

एका सुट्टीत धर्मग्रामातील मुलांना घेऊन आम्ही द्वादशफलक करावयास बसलो. अकरा पृष्ठे जुळली, बारावे बसेना. आम्ही ते दाबून चिकटविले आणि म्हणालो, "माणसाच्या हातून इतके राहायचेच."

एका मुलाने विचारले, "फादर, ही फटसुद्धा लागतेच का? त्या छत्तीस अंशांसारखी?"

त्याला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. छत्तीस अंशांची उणीव हा पंचकोनाचा स्वभाव. तिच्यावाचून आकारच नाही. बाराव्या पृष्ठापाशी उरलेली फट आमच्या कात्रीची होती. प्रत्येक कडेला केसभर चूक, आणि ती साचत साचत शेवटी उघडी पडलेली. दोहोंना आम्ही एकाच नावाने झाकले. पापनिवेदन ऐकताना 'मानवी दुर्बलता' हे नाव आम्ही कितीदा ऐकले आहे, किती सहज मान्य केले आहे! निर्मात्याने ठेवलेली उणीव कोणती आणि आमच्या आळसाची कोणती, हे दुसऱ्याच्या बाबतीत सांगणे कठीणच. स्वतःच्या बाबतीत मात्र पुन्हा कातरून पाहता येते, आणि नेमके तेच आम्ही टाळले होते.

आम्ही तो घन उकलला. डिंक वाळला होता, चार पंचकोन फाटले. मुलाने ते नव्याने आखले, या खेपेस नमुन्याच्या कोपऱ्यांतून सुई टोचून.