जुने कपडे, नफा आणि सम्यक आजीविका



शिकूनही नोकरी न मिळालेल्या आपल्या मुलामुलींना आज एक नवा धंदा खुणावतो आहे. कोणाकडून वापरलेले कपडे घ्यायचे, धुऊन, बटण लावून, इस्त्री करून त्यांचे फोटो मोबाईलवर टाकायचे आणि जास्त दराने विकायचे. दुकानाचे भाडे नाही, भांडवल थोडे. काटोलात बसून पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक मिळते. पण घरात वाद उठतो. आई म्हणते, "लोकांच्या अंगावरून उतरलेले विकण्यासाठी शिकवले का तुला?" वडील म्हणतात, "तीसचा शर्ट दीडशेला विकणे ही लूट नव्हे काय?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. दोन्हींचा विचार धम्माच्या कसोटीवर झाला पाहिजे.

आधी आईचा प्रश्न घेऊ. तिची लाज उगीच आलेली नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावीत असा हुकूमच आहे. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' मानला जाई. अपमानालाच हक्क म्हणायला लावणारी ती व्यवस्था होती! 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींना सांगितले की, तुम्ही काय नेसावे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही; वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असावे. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी स्वच्छतेचाच आग्रह धरला.

यातून काय दिसते? बाबासाहेबांचा लढा जुन्या कापडाशी नव्हता, सक्तीशी होता. तथागतांचे भिक्खूही उकिरड्यावरची आणि स्मशानातली टाकलेली वस्त्रे गोळा करीत, धूत, शिवीत, रंगवीत आणि तीच चीवरे पांघरीत. त्यांना पांसुकूल म्हणत. कापड तेच, स्मशानही तेच! चांडाळाच्या अंगावर ते हुकमाने आले, भिक्खूने ते स्वतः उचलले. म्हणून आई, तुझ्या लेकीला ते कापड कोणी तिची जात पाहून फेकले नसेल, तिने स्वतः निवडून घेतले असेल, तर त्यात हीनपणा नाही.

आता वडिलांचा प्रश्न. उपासकाने कोणते व्यापार करू नयेत हे तथागतांनी स्पष्ट सांगितले आहे: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. कापडाचा व्यापार त्यात नाही. उलट, माल केवढ्याला घेतला आणि केवढ्याला विकला तर किती नफा उरेल हे जाणणाऱ्या दुकानदाराचा दाखला अंगुत्तर निकायात येतो, तो निंदेने येत नाही. तीस आणि दीडशे यांच्यामध्ये साबण आहे, दोरा आहे, वीज आहे, पाठवण्याचा खर्च आहे, न खपलेल्या मालाची खोट आहे आणि मुलीची मेहनत आहे. मेहनतीचा मोबदला म्हणजे चोरी नव्हे.

मग अकुशल कर्म कोठे शिरते? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक आजीविकेची कसोटी दिली आहे: दुसऱ्याला इजा वा अन्याय न करता केलेली कमाई. या कसोटीने तीन ठिकाणी पाहावे लागते.

पहिले ठिकाण, घेताना. जातकात दोन फेरीवाल्यांची कथा आहे. एका गरीब आजीच्या घरात मळकट भांडे होते, ते सोन्याचे होते. पहिल्या फेरीवाल्याने ते ओळखले आणि फुकट मिळावे म्हणून कवडीमोलाचे म्हणून टाकून दिले. दुसऱ्याने सांगितले, "आजी, हे लाखाचे आहे, माझ्याजवळ एवढे पैसे नाहीत," आणि आपली जवळपास सारी रोकड व माल तिला देऊन ते घेतले. कोणाच्या पेटीत जरीची अस्सल पैठणी निघाली आणि तुम्ही तिला चिंधीच्या भावात मागितली, तर तुम्ही पहिले फेरीवाले झालात.

दुसरे, विकताना. संत्र्याच्या ढिगावर चांगली फळे आणि खाली डागी, हा प्रकार काटोलकरांना सांगायला नको. फोटोत डाग दिसू नये म्हणून बाही दुमडणे हेच आहे. डाग दिसू द्या, फाटले असेल तर लिहा. मुसावादापासून अलिप्त राहण्याचे शील मोबाईलवरही पाळायचे असते.

तिसरे ठिकाण सर्वांत निसरडे आहे. पूरग्रस्तांसाठी, गरिबांसाठी म्हणून कपडे मागायचे आणि त्यातले चांगले बाजूला काढून विकायचे. कोणी म्हणेल, "देणाऱ्याने दिले, आता त्याचे काय?" पण अदिन्नादाना म्हणजे न दिलेले घेणे. त्याने कपडे गरिबाला दिले होते, तुम्हाला दिले नव्हते. "मी विकणार आहे" असे सांगून मागा. तरीही मिळाले तर ते तुमचे. सांगितले तर मिळणार नाही अशी भीती वाटत असेल, तर ते तुम्हाला दिलेले नाही याचा तोच पुरावा!

आणखी एक गोष्ट राहते. बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून मजूर बाई लेकरासाठी स्वेटर शोधते. तिच्याआधी पोहोचून तुम्ही सारे धड स्वेटर उचलले, शहरात चौपट दराने विकले. खोटे बोलला नाहीत, चोरी केली नाही. तरी ते लेकरू थंडीत कुडकुडले. याचे तयार उत्तर पंचशीलात सापडणार नाही, ते मैत्रीने शोधावे लागेल. मला वाटते, शौकाचे कपडे उचलावेत. थंडीत स्वेटर आणि जूनमध्ये शाळेचे कपडे त्या ढिगात राहू द्यावेत. कमाई थोडी घटेल. तेवढी घट सोसण्याची तयारी नसेल, तर वंदनेत म्हटलेली करुणा ओठांवरच राहिली म्हणायची.

तेव्हा आई-बाबांनो, मुलांना या धंद्यापासून अडवू नका. कपडे कोणाचे आहेत हेही विचारू नका. एवढेच विचारा: "घेताना काय सांगून घेतलेस? आणि विकताना काय लपवलेस?" या दोन प्रश्नांची उत्तरे मुलाने नजर न चुकवता दिली, तर त्या पैशांचे धान्य निःशंक मनाने घरात आणा.

जयभीम.