सुईण जवळ बसते

या पहाटे कुठेतरी एखादी बाई कळा देत असेल. तिच्या कमरेवर कुणाचा तरी हात असेल. कळ आली की तो दाबतो, ओसरली की सैल पडतो. पाणी तापवून झालं, धडुती काढून ठेवली, की सुईण जवळ बसते. हे जवळ बसणं आपण कामात धरत नाही. खरं तर बाळंतिणीला सतत सोबत असली, की कळांचा काळ थोडा आखडतो, पोट फाडण्याची पाळीही कमी वेळा येते, असं अभ्यासांतून दिसलं आहे.

कुणी म्हणेल, सुइणी मळक्या विळ्यानं नाळ कापत. कापत असत, आणि त्यात बाळं दगावत. अडलेल्या बाईला दवाखानाच हवा, यात वादच नाही. पण उणीव शिकवणाऱ्यांची होती. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दायांना, गावातल्या आरोग्यदूत बायकांना शिकवलं. त्यानंतर तिथे नवजात बाळांचे मृत्यू कितीतरी घटले. दवाखान्यात यंत्रं बाळाचे ठोके मोजतात, मोजू द्यावीत. घाबरलेल्या बाईच्या जवळ मात्र माणूसच बसतो. श्रोतेहो, घरात पेढे वाटाल, तेव्हा रात्रभर जवळ बसलेल्या सुइणीचं किंवा सिस्टरचं नाव विचारून घ्या.