गोधडीची ऊब कुणाची?

आपल्या धाराशिव भागात कोणत्याही जुन्या घरी जा, अंथरुणाच्या चवडीत एखादी तरी जुनी गोधडी सापडतेच. कुणी तिला वाकळ म्हणतात. वरून आजीचे विरलेले इरकली लुगडे, आत आजोबांची धोतरे, आणि कडेने निघून फेऱ्यामागून फेरे घेत मधोमध येऊन थांबणारा धावदोरा. घरची मंडळी ती दाखवतात आणि म्हणतात, “महाराज, हिच्यात आमच्या आजीची माया आहे.” हल्ली शहरांत अशा जुन्या गोधड्या विकत घेऊन भिंतीवर टांगतात, तेही हेच म्हणतात. तर विचार असा, की ही माया गोधडीत नेमकी आहे कोठे? माया म्हणजे वेदान्तातली नव्हे, आईची.

शास्त्रात तंतू आणि पट हा दृष्टान्त फार जुना. नैयायिक म्हणतो, तंतूंपासून पट हे निराळे द्रव्य उपजते. वेदान्ती म्हणतो, तंतू काढून घ्या, मग पट दाखवा पाहू! वाद मोठा आहे. परंतु पटाचे रूप, स्पर्श, परिमाण मोजताना ‘माया’ कुणी मोजलेली नाही. फार काय, गोधडीला स्वतःची ऊबसुद्धा नाही. निजणाऱ्याच्याच अंगची ऊब थरांमध्ये अडते आणि त्याला पुरते. घडी करून ठेवलेली गोधडी थंडच असते.

बरे, माया कापडात साठत असती, तर कापडाबरोबर ती संपलीही असती. गोरोबाकाकांचे तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंद आहे, की तगराहून भडोच बंदराकडे जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल पुष्कळ जात असे. सातवाहन काळच्या मातीच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू तेरच्या संग्रहालयात आज पाहायला मिळतात. पण ते कापड केव्हाच मातीला मिळाले, आणि विणणाऱ्यांची नावे तर कुणी लिहिलीच नाहीत. आणखी जवळचे सांगायचे, तर 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. किल्लारी-सास्तूर पट्ट्यात दगडमातीची घरे बसली, हजारो माणसे गेली, संसार ढिगाऱ्याखाली गेले. गोधड्या गेल्या म्हणून वाचलेल्या लेकरांवरची आईची माया गेली, असे कोण म्हणेल?

मग गोधडी सांगते तरी काय? धुरावरून अग्नी ओळखावा, तसे टाक्यांवरून एवढे निश्चित ओळखता येते, की कुणीतरी पुष्कळ दिवस मान मोडून बसले होते. कष्ट सिद्ध होतात. पण त्या कष्टांच्या वेळी मनात काय होते, हे टाक्यांवरून सिद्ध होत नाही. एखादीने तान्ह्यासाठी हौसेने शिवली असेल. एखादीने गेलेल्या धन्याचे धोतर आत घालताना डोळे पुसले असतील. एखादीने सासूच्या धाकाने शिवली असेल, एखादीने चार पैसे मजुरीसाठी, आणि पुष्कळजणींनी केवळ थंडी होती आणि घोंगडी घ्यायला पैसा नव्हता म्हणून. या सगळ्यांवर ‘माया’ हा एकच शब्द पांघरला, की आपल्याला गोड वाटते. पण तिचे दुःख, तिचा राग, तिची गरिबी त्याखाली झाकली जाते. तिने न सांगितलेली गोष्ट आपणच तिच्या तोंडी घालावी, हा न्याय नव्हे.

जनाबाईच्या वाकळेची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. पहाटे घाईघाईत देव जनीची वाकळ पांघरून राउळात गेला आणि आपले पदक तिच्याकडे विसरला. पुजाऱ्यांनी पदकाची चौकशी केली, चोरीचा आळ घेतला, जनीला सुळावर द्यायला निघाले. वाकळ कुणाची, ती कोणत्या हातांनी शिवली, हे विचारायचे कुणाला सुचले नाही. देवाला विचारण्याची गरज नव्हती. का? तर तो आधी तिच्या जात्याशी बसला होता. तिचे दळण दळले, तिचे बोलणे ऐकले, आणि मग वाकळ पांघरली. कथेतला हा क्रम विसरू नये.

तेव्हा सज्जनहो, घरात जुनी गोधडी असेल तर पेटीत घालून तिची पूजा मांडू नका. उन्हात घाला, उसवली असेल तर टाका घाला, लेकरांच्या अंगावर घाला. ती त्यासाठीच शिवली आहे. आणि शिवणारी अजून घरात असेल, तर उन्हाळ्यात ती जुनेर अंथरून बसते तेव्हा जरा जवळ बसा. तिची नजर आता मंदावली असेल. सुईत दोरा ओवून द्या आणि विचारा, “आई, हे शिवताना तुझ्या मनात काय असतं गं?” ती काय सांगेल ते गोडच असेल असे नाही. जे सांगेल ते मधे न बोलता ऐकून घ्या.