सापडलेले कासव कुणाचे?



वाडीत सापडलेले कासव घरी ठेवावे का, असे एका कुटुंबाने आम्हांस विचारले आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी, म्हणजे ते स्टार कासव. ते आपल्या वसईचे नव्हे. कुणाच्या तरी घरातून निसटलेले असावे. मुलांनी त्याला पाला भरवला, लळा लागला.

भावाचे चुकलेले जनावर, तो शोधत येईपर्यंत घरी सांभाळावे, असे अनुवादाच्या २२व्या अध्यायात सांगितले आहे. सांभाळणे हे कर्तव्यच. पण सांभाळल्याने मालकी येते काय? आणि ज्याने ते पाळले, त्याचे तरी ते होते काय? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव घरी पाळायला मनाई आहे. सापडल्यास ४८ तासांत पोलिसांना वा वनखात्याला कळवावे लागते. कायदा क्षणभर बाजूला ठेवू. लळा आपल्याला लागला. त्याला मात्र माळरान हवे. (कासवाने घरात बरकत येते, हा समज आपल्या ख्रिस्ती घरांतही शिरलेला पाहून आम्हांस नवल वाटते.)

त्याला बावखलात मात्र सोडू नये. हे जमिनीवरचे कासव, बुडून मरेल. मुले रडतील, रडू द्यावीत. वनखात्याकडे जाताना त्यांनाही सोबत न्यावे, आणि खोक्याला हवेसाठी भोके पाडावीत.