स्वतःचे पैसे लावले, तर कुणाचे काय बिघडले?



पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. लोकसभेने २० तारखेला व राज्यसभेने २१ तारखेला तो संमत केला आणि २२ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. क्रिकेटच्या सामन्यावर मोबाइलमध्ये ‘आपला संघ’ बनवून पैसे लावण्याचा जो व्यवहार घराघरांत शिरला होता, तो मोठ्या कंपन्यांनी लगेच थांबवला. जुलै २०२३ पासून भारतीय संघाच्या शर्टावर झळकणारे ड्रीम इलेव्हनचे नाव उतरले. ज्या घरांत मुलाच्या पगाराला गळती लागली होती, त्या घरांतील आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

परंतु कायद्याने दार बंद झाले म्हणून प्रश्न मिटला असे होत नाही. आपल्या तरुणांपैकी अनेक जण विचारतात, “फादर, पैसे माझे, कष्ट माझे. मी चोरी केली नाही, कुणाला फसवले नाही. मग यात पाप कुठे आले?” हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. ‘कायद्याने मनाई आहे’ हे काही त्याचे उत्तर नव्हे. कायदा झाला नव्हता तेव्हा ही गोष्ट चांगली होती आणि कायदा झाल्यावर ती वाईट झाली, असे थोडेच आहे? उद्या कायदा बदलला, तर ती पुन्हा चांगली होणार का? शिवाय परदेशातून चालणारी ॲप आणि नाक्यावरचा बुकी कायद्याला विचारून धंदा करत नाहीत. तेव्हा उत्तर आपल्या विवेकबुद्धीलाच शोधावे लागेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. पैसे लावून खेळलेला प्रत्येक खेळ म्हणजे पाप, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की, नशिबाचे खेळ किंवा पैज या गोष्टी स्वतःहून अन्याय्य नाहीत. माणसाच्या स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजेचा पैसा जेव्हा त्यात जातो, तेव्हा त्या नैतिकदृष्ट्या अस्वीकार्य होतात. त्या माणसाला गुलाम करू शकतात, असा इशाराही तेथे आहे. म्हणून कुणी मला विचारले की, “फादर, मग फेस्ताच्या दिवशी मंडपात हौजी कशी चालते?” तर मी रागावणार नाही. विचारणे रास्तच आहे. हौजीची तिकिटे घेणारा माणूस त्या संध्याकाळी किती पैसे जातील हे आधीच जाणतो. तो शेजाऱ्यांबरोबर बसलेला असतो, तासाभरात खेळ संपतो आणि लोक घरी जातात. कुणी तिथेही घरखर्चाचे पैसे घालू लागला, तर त्यालाही मी हेच सांगेन. पण हौजीत आणि सामन्यावरच्या पैशात आणखी एक फरक आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हौजीत पुकारला जाणारा ‘बेचाळीस’ हा नुसता आकडा असतो. त्याला घर नसते, आई नसते, त्याचा पाय मुरगळत नाही. मैदानावर मात्र आपण ज्याच्यावर पैसे लावतो तो माणूस असतो.

या मुद्द्याकडे येण्यापूर्वी तरुणांचे दोन युक्तिवाद पाहू.

पहिला युक्तिवाद कौशल्याचा. “हा जुगार नाही, यात अभ्यास लागतो.” आपल्याकडील न्यायालयांनीही तसे म्हटले होते. २०१७ मध्ये पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा खेळांना कौशल्याचे खेळ मानले. २०२५ च्या कायद्याने हा भेद बाजूला ठेवला आणि पैसे लावले जातात की नाही एवढेच पाहिले. कायद्याची बाजू वकील मंडळी पाहतील. नीतीच्या दृष्टीने मात्र कौशल्य हा बचाव होऊ शकत नाही. एखादी गोष्ट करायला हुशारी लागते, एवढ्याने ती गोष्ट चांगली ठरत नाही. खिसा कापायलाही हातात कसब लागते.

दुसरा युक्तिवाद, “पैसे माझे आहेत.” जे हरले ते तुझे, हे खरे. पण जे जिंकले ते कुणाचे? समजा, एक लाख लोकांनी प्रत्येकी पन्नास रुपये भरले. पन्नास लाख जमले. त्यातून कंपनीने स्वतःचा वाटा आधीच काढून घेतला आणि उरलेले थोड्यांना वाटले. म्हणजे सर्व खेळणाऱ्यांनी मिळून जेवढे घातले, त्याहून कमीच त्यांना परत मिळणार. हे गणित सामना सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. तुझ्या खात्यात आलेला पैसा हा विरार लोकलमध्ये लटकत कामाला जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या तरुणाच्या पगारातला असतो. कायदा करताना सरकारने अंदाज दिला होता की, देशातील सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत दरवर्षी जवळजवळ २० हजार कोटी रुपये गमावतात. मेहनतीच्या पैशाच्या बदल्यात आपण समाजाला काहीतरी दिलेले असते. या पैशाच्या बदल्यात आपण कुणाला काय दिले?

आता मूळ मुद्दा. पैसे लावल्याने आपली नजर बदलते.

या खेळाची रचनाच पाहा. दोन्ही संघांतून मिळून अकरा खेळाडू निवडायचे. त्यांच्या धावांना, बळींना, झेलांना गुण. ज्याला कप्तान नेमले त्याचे गुण दुप्पट, उपकप्तानाचे दीडपट. समजा, तू समोरच्या देशाच्या गोलंदाजाला कप्तान केलेस. त्याने आपल्या फलंदाजाचा त्रिफळा उडवला की तुला आनंद होणार. आपला देश हरला तरी तू जिंकू शकतोस. तुझ्या यादीतला खेळाडू पाय धरून खाली बसला, तर पहिला विचार काय येईल? ‘बिचाऱ्याला लागले’ हा, की ‘माझे गुण गेले’ हा? ज्याने पैसे लावले आहेत त्याने स्वतःशी खरे बोलावे.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली मांडलेला एक विचार सेमिनरीत आम्हाला शिकवला जाई: कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. प्रशिक्षकही खेळाडूचा उपयोग करून घेतो, तिकीट काढून आलेला प्रेक्षकही आपल्या आनंदासाठी त्याच्याकडे पाहतो. पण त्यांना तो माणूस म्हणून दिसत राहतो. पैसे लावणाऱ्याला हळूहळू फक्त आकडा दिसू लागतो.

ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर अलीकडच्या काही बातम्या पाहा. गॅबी थॉमस ही पॅरिस ऑलिंपिकमधील दोनशे मीटर शर्यतीची सुवर्णविजेती. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका स्पर्धेत चाहत्यांना, मुख्यतः लहान मुलांना, ती सह्या देत असताना एक माणूस तिच्या मागे मागे फिरत तिला अपमानकारक शब्द ओरडून सांगत राहिला. नंतर त्याने स्वतःच जाहीर फुशारकी मारली की, माझ्या ओरडण्यामुळे ती हरली आणि माझी पैज जिंकली. पैज घेणाऱ्या कंपनीने त्याला बंदी घातली.

त्याच वर्षी मे महिन्यात ह्युस्टनच्या बेसबॉल संघाचा लान्स मॅकलर्स हा खेळाडू दोन वर्षांहून अधिक काळच्या दुखापतीनंतर नुकताच मैदानावर परतला होता. एक सामना वाईट गेला आणि त्याला व त्याच्या चिमुकल्या मुलांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी धमकी देणाऱ्याला शोधले. तो परदेशात बसून पैसे लावणारा माणूस निघाला. तो दारूच्या नशेत होता आणि त्या सामन्यावर पैसे हरला होता. त्याने माफी मागितली. त्या मुलांना त्याने कधी पाहिलेही नव्हते. टेनिसमध्ये तर याची मोजणीच झाली आहे. २०२४ या एका वर्षात ४५८ खेळाडूंना सुमारे आठ हजार शिवीगाळीचे व धमकीचे संदेश आले आणि त्यांतील चाळीस टक्के संदेश पैज हरून चिडलेल्यांचे होते.

हे विष खेळाडूच्या अंगातही भिनते. जॉन्टे पोर्टर हा टोरंटोच्या बास्केटबॉल संघाचा तरुण खेळाडू स्वतः जुगाराच्या कर्जात बुडाला. कर्ज फिटावे म्हणून तो मार्च २०२४ मधील एका सामन्यात जेमतेम तीन मिनिटे खेळला आणि बरे नसल्याचे सांगून बाहेर गेला. त्याचे गुण कमी पडतील यावर काहींनी पैसे लावले होते. एप्रिलमध्ये त्याला आजन्म बंदी झाली आणि जुलैमध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. संघाला जिंकून देण्यासाठी आलेल्या मुलाला ‘कमी खेळ’ म्हणून पैसे मिळावेत, याहून खेळाची दुसरी विटंबना कोणती?

कुणी म्हणेल, “फादर, मी पन्नास रुपये लावतो, मी काही कुणाच्या मुलांना धमक्या देत नाही.” मान्य. पन्नास रुपये लावणारा आणि धमकी देणारा यांना मी एका पारड्यात तोलत नाही. पण दोघे एकाच वाटेवर आहेत. एक सुरुवातीला आहे, दुसरा टोकाला पोहोचला आहे. धमकी देणाराही एके दिवशी पन्नास रुपयांपासूनच निघाला असेल. ज्या दिवशी समोरचा माणूस आपल्याला आकडा म्हणून दिसू लागला, त्या दिवशी वाट सुरू झाली.

येथे मोठ्यांचाही दोष सांगितला पाहिजे. देशाच्या संघाचा निळा शर्ट लहान मुले हट्टाने मागतात. त्या शर्टाच्या छातीवर पैसे लावण्याच्या कंपनीचे नाव दोन वर्षे राहिले. २०२० मध्ये तर आयपीएलची मुख्य प्रायोजक तीच होती. कोट्यवधी रुपये कमावणाऱ्या खेळाडूंनी जाहिरातीत हसत सांगायचे की, ‘तुम्हीही खेळा’ आणि शेवटी अगदी भरभर एक वाक्य म्हणायचे की, याची सवय लागू शकते! माझे मत स्पष्ट आहे. हे चुकीचे होते आणि ज्या मंडळाने ते पैसे घेतले, त्याला देशातील मुलांविषयीच्या जबाबदारीची जाणीव असायला हवी होती. ज्या वस्तूबरोबर धोक्याची सूचना द्यावी लागते, ती वस्तू मुलांच्या छातीवर छापायची नसते.

खेळाने आपल्याला काय द्यावे? पोप लिओ चौदावे हे स्वतः टेनिस खेळणारे. १५ जून २०२५ रोजी, खेळाच्या ज्युबिलीनिमित्त संत पेत्राच्या महामंदिरात अर्पण केलेल्या मिस्सामध्ये ते म्हणाले की, खेळ माणसाला हरायलाही शिकवतो. स्पर्धेच्या जगात फक्त बलवान आणि विजेतेच जगायला लायक वाटतात. हरण्यामुळे मात्र माणसाला आपल्या मर्यादा कळतात, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आपल्या गावच्या मैदानावर टेनिस चेंडूने खेळलेल्या सामन्यात हे शिक्षण फुकट मिळते. हरलो की दोन दिवस चिडवतात, तिसऱ्या दिवशी त्याच मुलांबरोबर पुन्हा खेळायला जायचे असते. पैसे लावून हरलेला माणूस हे शिकत नाही. तो गेलेले पैसे परत मिळवायला बसतो, रात्री उशिरापर्यंत, एकटा, बाथरूममध्ये मोबाइल घेऊन.

म्हणून तरुण मित्रांनो, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. पैसे तुमचे असतील, पण ज्याच्यावर तुम्ही ते लावता तो माणूस तुमचा नाही. तो देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे, जसे तुम्ही आहात. आपली नजर बिघडली की नाही, हे तपासण्याची एक सोपी कसोटी देतो. पुढचा सामना पाहताना समोरच्या संघाच्या गोलंदाजाने सुरेख चेंडू टाकून आपला उत्तम फलंदाज बाद केला, तर तुमच्या तोंडून ‘वा!’ निघते का? निघत असेल, तर तुम्ही अजून खेळ पाहत आहात. त्या क्षणी मन जर हिशेब करू लागले असेल, तर सावध व्हा.

पालकांना एक विनंती. मुलाने पैसे घालवले असे कळले, तर आधी घर डोक्यावर घेऊ नका. शरमेने तो आणखी खोल जातो आणि ‘एकदाच जिंकून सगळे फेडतो’ म्हणून पुन्हा पैसे लावतो. आधी कर्जाचा खरा आकडा त्याच्याकडून काढून घ्या. मग कुटुंबाने एकत्र बसून फेडीचा मार्ग ठरवा. सावकाराकडे किंवा झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे त्याला जाऊ देऊ नका. ज्यांना घरी बोलणे जड जाते, त्यांनी माझ्याकडे यावे. पापनिवेदनात सांगितलेले कुठेही जात नाही आणि कार्यालयात बसून बोललेलेही माझ्याजवळच राहील.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू